चालीच्या आतलं नाव

पहिल्याच टेकला दोघांचं वाजलं, आणि ते रेकॉर्डही झालं.

पमा माइकसमोर उभी होती. तिच्या पायाशी, गालिच्याच्या तुकड्यावर, पेटीमास्तर पेटी घेऊन बसले होते. तबलजी कोपऱ्यात, लाकडी पडद्याच्या आडोशाला. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. गाणं अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत सुरळीत आलं. त्या ओळीत एक जागा अशी आहे की तबला थांबतो आणि गळा नि पेटी एवढंच उरतं. तिथं पमानं एक सूर लावला आणि मास्तरांच्या पेटीनं भलताच. ऐकणाऱ्याचे दात आंबावेत असा आवाज झाला.

"थांबा, थांबा," काचेपलीकडून आवाज आला. "काका, काय झालं? हात चुकला का?"

"माझा हात चुकला नाही," मास्तर म्हणाले. "हिला विचारा."

"मला काय विचारायचंय?" पमा त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "मी बरोबर गायले. पेटीनं शेण खाल्लं."

तबलजी खूश झाला. त्याला भांडण म्हणजे जेवणाआधीची भूक. त्यानं तबल्यावर उगाच एक टिचकी मारली आणि भिंतीकडे बघत बसला.

चाल मास्तरांच्या बायकोची होती. पमा तिची धाकटी बहीण. थोरलीनं चाली बांधायच्या, धाकटीनं गायच्या, नवऱ्यानं पेटी वाजवायची, असा तिघांचा एक संसारच होता म्हणा ना. थोरली गेली त्याला वर्ष व्हायचं होतं. उरलेल्या दोघांचं आपसात कधी पटलंच नव्हतं. मधे ती बसलेली असायची म्हणून आजवर निभावलं.

तिनं चाली कधी कागदावर उतरवल्या नाहीत. कंटाळा यायचा तिला. पमाला समोर बसवायची, गाऊन दाखवायची, आणि बसेपर्यंत उठू द्यायची नाही. त्या चाली नाटकांत गायल्या गेल्या, मैफलींत गायल्या गेल्या आणि हवेत विरल्या. आता कुठं एका रेकॉर्ड कंपनीला त्या काढाव्याशा वाटल्या होत्या. म्हणजे या खोलीत जे गायलं जाईल ते राहणार, आणि जे गायलं जाणार नाही ते मास्तरांबरोबर जाणार. हे मास्तरांना चांगलं कळत होतं. म्हणून तर ते अडून बसले होते.

"परत घेऊ," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "पण एक सांगतो, पेटी बाईंच्या माइकमध्ये शिरते. नंतर वेगळी काढता येणार नाही. दोघांनी एकच काय ते ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" मास्तर म्हणाले. "चाल आहे तशी गा म्हणावं."

"आहे तशी म्हणजे कशी हो भाऊजी?"

ती हे 'भाऊजी' असं म्हणायची की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"तुला माहीत आहे कशी. वीस वर्षं गातेयस."

"आणि वीस वर्षं लोकांचं ऐकून घेतेय."

हे मात्र खरं होतं. त्या जागी चाल 'म'वरून एकदम वरच्या 'नि'वर जाते आणि 'नि' पुन्हा एकदा येतो. मधे काही नाही, धरायला कठडा नाही. पेटीवर ही उडी म्हणजे दोन बोटांचं काम. गळ्याला मात्र ती रुचत नाही. गळा तिथं कचरतो, किंचित खाली पडतो, आणि मग सावरून वर चढतो. पमाचा गळा दर वेळी पडायचा. त्यात तबला थांबलेला, म्हणजे झाकायलाही काही नाही. एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं की बाईंचं सगळं निर्दोष आहे, तेवढी एक जागा सोडून. तेव्हापासून लोक त्या जागेची वाट बघायला लागले. ती ओळ आली की पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांना कोपर मारायची. वाजवणाऱ्या मंडळींनी तर त्या जागेला नाव ठेवलं होतं, घसरगुंडी. ते नाव कुणी ठेवलं हे विचारायला नको, तो पडद्याआड बसला होता.

आज पमानं ती उडी काढून टाकली होती. वरून सरळ खाली उतरून ती ओळ संपवत होती. ऐकायला गोड लागत होतं. चाल पहिल्यांदा ऐकणारा म्हणाला असता, वा, काय सुंदर उतरली.

मास्तरांना मात्र ते ऐकवेना. कारण ती उडी म्हणजे त्यांच्या बायकोची सही होती.

तिला लहानपणापासून रुसायची सवय. जरा कुणी काही बोललं की भिंतीकडे तोंड करून बसायची. म्हणून तिच्या वडिलांनी तिला मानिनी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. पुढं ती एका नाटक कंपनीत चाली द्यायला लागली, तर मालकानं जाहिरातीत संगीत म्हणून स्वतःचं नाव छापलं. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, बाई, तुमचं नाव कोण ओळखतंय? ती भांडली नाही. घरी आली, पेटीशी बसली आणि पुढच्या चालीत स्वतःचं नाव घालून मोकळी झाली. म, नि, नि. मानिनी. मालक रोज विंगेत उभा राहून त्या चालीवर मान डोलवायचा. तिच्या नावावरच डोलतोय हे त्याच्या बापाला कळलं नाही.

हे फक्त मास्तरांना माहीत होतं. तेव्हा ती सही गळ्यात नसायची. दोन ओळींच्या मधे पेटीचा जो तुकडा येतो त्यात असायची, म्हणजे मास्तरांच्या बोटांत. ते तिथं पोचले की ती विंगेतून त्यांच्याकडे बघायची आणि दोघंही चेहरा सरळ ठेवायची. पुढं मालक गेला, कंपनी गेली, तिचं नाव मोठ्या अक्षरांत छापून यायला लागलं. तरी सही घालायची तिनं सोडली नाही. "बाहेरचं नाव छापणारा घालतो," ती म्हणायची. "त्याच्या मनात आलं की काढतोही. आतलं कोण काढणार?"

आतलं काढणारी आता समोर उभी होती.

दुसरा टेक सुरू झाला. मास्तरांनी ती जागा आली तसं पेटीवर म, नि, नि असं ठासून वाजवलं. पमानं आपलंच गायलं. पुन्हा तोच आवाज.

"मास्तर," तबलजी पडद्याआडून म्हणाला, "घसरगुंडी गेली तर जाऊ द्या की. या वयात कोण घसरायला बसलंय?"

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"मला कुणी कधी विचारतच नाही हो. म्हणून तर मी बोलतो."

पमानं हेडफोन उतरवला. "हे असंच करणार असतील तर मी दुसरा पेटीवाला आणते. गावात काय एकच पेटी आहे?"

"आण," मास्तर म्हणाले. "मधले तुकडे त्याला कोण शिकवणार? तू? तुला पेटीवर स्वतःचा सा सापडत नाही."

"भाऊजी, जीभ सांभाळा."

"तू चाल सांभाळ."

"बाई, काका," रेकॉर्डिंगवाला काकुळतीला आला होता. "एकदा फक्त बाईंचा आवाज घेऊन बघू. पेटी त्या जागेपुरती बंद ठेवा. मग ऐकून ठरवू. चालेल?"

मास्तरांनी मान हलवली. हरकत घ्यायला जागा नव्हती.

तिसऱ्या टेकला त्या ओळीवर त्यांनी भाता धरून ठेवला आणि नुसतं ऐकलं. आधीच्या दोन्ही वेळा त्यांचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे होतं. ती काय गात नाही एवढंच त्यांनी ऐकलं होतं. आता ती काय गातेय ते ऐकू आलं.

ती 'प'वर आली. थांबली. तिथून 'म'वर उतरली आणि 'म' लांबवला, अगदी सावकाश, जसं कुणी बोट धरून अक्षर गिरवावं तसं.

प, मा.

मास्तरांना वाटलं होतं, पोरगी आपली लाज झाकतेय, अवघड जागा सोपी करतेय. ती सोपी करत नव्हती. तिनं बहिणीचं नाव पुसलं होतं आणि त्या जागी स्वतःचं लिहिलं होतं.

"वा!" काचेपलीकडून आवाज आला. "हेच ठेवू या. काका?"

मास्तर उठले. गुडघे कुरकुरले. "मला हिच्याशी बोलायचंय," ते म्हणाले. "बाहेर."

बाहेर म्हणजे चहाची खोली. एक ओटा, पाण्याचा पिंप, धुवायला पडलेले कप, भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या. दार लोटल्यावर मास्तर तिच्याकडे वळले.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"पमा, वेड पांघरू नकोस. प आणि मा. तुला कुणी सांगितलं?"

तिनं पिंपातून पाणी घेतलं, सगळं प्यायली, कप पालथा ठेवला. मग म्हणाली, "ताईनं."

"खोटं बोलतेस."

"हॉस्पिटलमध्ये. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. तिनं माझा हात धरला. म्हणाली, ती जागा आहे ना, तू घसरतेस ती? ते माझं नाव आहे. म, नि, नि. आणि हसली. मला आधी वाटलं, माफी मागतेय. मी रडलेसुद्धा तिच्या उशाशी. जिना उतरताना कळलं, माफी-बिफी काही नव्हती. नुसतं माहीत करून द्यायचं होतं. मी इतकी वर्षं कशावरून घसरले ते."

मास्तर ओट्याला टेकले. इतकी वर्षं ते समजत होते की हे जगात दोघांतच आहे. आणि जाता जाता तिनं ते तिसरीला देऊन टाकलं होतं, तेही त्यांना औषधं आणायला पाठवून.

"मग तर तुला ते जपायला हवं होतं," ते म्हणाले. "बहिणीची शेवटची गोष्ट म्हणून तरी."

"जपायला?" पमाचा आवाज चढला. "घरी दार लावून घेते आणि ती उडी मारते भाऊजी. शंभरदा मारते, शंभरदा लागते. आणि स्टेजवर उभी राहिले की तबला थांबतो, पुढची रांग श्वास रोखते आणि माझा पाय जातो. लोक घरी जाऊन म्हणतात, चाल काय देखणी बांधलीय, गाणारीलाच झेपली नाही. सही तिची, बेसूर मी! आणि तुम्ही दोघं घरी बसून हसत होता."

"हसलो नाही कधी."

"तुम्हाला माहीत तर होतं?"

मास्तर ओट्यावरचे कप एका ओळीत लावायला लागले.

"बरं, एवढंच सांगा," ती जवळ आली. "आधीच्या सगळ्या चालींत ते नाव कुठं होतं? पेटीच्या तुकड्यात. मी आता सगळ्या आठवून बघितल्या. तुमच्या बोटांत होतं, कुणाला त्रास नव्हता. मग एकदम माझ्या ओळीत कसं आलं? आणि तेही जिथं तबला थांबतो तिथंच? एवढी चाली बांधणारी बाई, तिला दुसरी जागा मिळाली नाही?"

उत्तर मास्तरांकडे होतं. म्हणून तर त्यांनी तोंड फिरवलं.

पमाला पहिला मोठा पुरस्कार मिळाला त्या दिवसाची गोष्ट. थोरलीच्याच चालीवर मिळाला होता. ती आणि मास्तर दुसऱ्या रांगेत बसले होते. पमानं स्टेजवर आईचं नाव घेतलं, गुरूंचं घेतलं, ध्वनिक्षेपकवाल्याचं घेतलं, कपडे शिवून देणाऱ्या शिंप्याचंही घेतलं. बहिणीचं नाही. थोरली घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीशी बसली आणि ही चाल बांधली. मास्तरांनी ऐकली, ती जागा आली तसे दचकले. म्हणाले, "अगं, गळ्यात कशाला घातलीस? तिला जमणार नाही ते." तिनं भात्यावरून हात न काढता उत्तर दिलं होतं. "जमू नये म्हणूनच."

त्यानंतर पमासाठी बांधलेल्या प्रत्येक चालीत सही गळ्यातच आली. मास्तरांच्या बोटांत ती पुन्हा कधी आली नाही. हे मात्र त्यांना तेव्हाही लागलं होतं.

"तू तिचं नाव घेतलं नाहीस," ते म्हणाले. "शिंप्याचं घेतलंस."

पमाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मास्तर जरा मागं सरकले.

"त्याचं होय?" ती म्हणाली. "त्या शिंप्याचं?"

"हो."

"तिचं नाव मी शेवटाला ठेवलं होतं, भाऊजी. सगळ्यांत शेवटी घेणार होते, मोठ्यानं. शिंप्याच्या नावाला लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि त्या निवेदन करणाऱ्या बाप्यानं माइक माझ्या हातातून काढून घेतला. पुढच्या माणसाला द्यायचा होता त्याला. मी खाली आले तर तुम्ही दोघं निघून गेलेले."

"हे तू तिला कधी सांगितलं नाहीस."

"तिनं कधी विचारलं नाही! भिंतीकडे तोंड करून बसली ती! वीस वर्षं!"

बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी खाकरलं. तबलजी. चहा घ्यायला आला होता म्हणे.

"कप धुतलेले नाहीत," पमा दाराकडे बघून ओरडली. पावलं मागं गेली.

मास्तर म्हणाले, "झालं ते झालं. ती गेली. आता त्या चालीत तिचं नाव राहू दे. एवढंच मागतोय. तुझं नाव कव्हरवर मोठं येणार आहे, फोटोसकट."

"तिचंही येणार आहे."

"ते छापणाऱ्याचं."

"ठीक आहे," पमा म्हणाली. "गाते. जशी बांधलीय तशी. पण आधी तुम्ही आत जाऊन सांगायचं. सगळ्यांसमोर. की मी घसरत नव्हते, मला घसरवलं होतं. कुणी आणि कशासाठी, तेही."

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"ती मेलीय, पमा. मेलेल्या माणसाबद्दल..."

"मी जिवंत आहे त्याचं काय?"

"तबलजी बसलाय तिथं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होईल."

"माझी घसरगुंडी झाली होती ना सगळ्यांच्या तोंडी? तेव्हा कुठं गेली होती तुमची लाज?"

"तू पहिल्यापासून तिच्यावर जळत होतीस," मास्तर म्हणाले. हे आपण का बोललो हे त्यांनाही कळलं नाही. "तुला गळा होता, तिला डोकं होतं. तुला डोकं हवं होतं."

"आणि तुम्हाला बायको हवी होती," पमा म्हणाली. "तिनं तुम्हाला पेटीवाला म्हणून ठेवलं."

ती दार ढकलून निघून गेली.

मास्तर आत आले तेव्हा ती माइकसमोर उभी होती, हेडफोन चढवलेला. "पेटी नको," ती काचेकडे बघून म्हणत होती. "नुसत्या तंबोऱ्यावर गाते. मधले तुकडे काढून टाका. तिसऱ्या टेकसारखंच गाणार आहे. एकदा घेतलं की परत घेणार नाही."

"काका?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं. "तुमची हरकत?"

हरकत घेऊन काय होणार होतं? मास्तर पेटीपाशी बसले आणि भाता मिटून खिटी लावायला लागले.

त्यांना बायको आठवली ती आजारातली नाही. पेटीशी बसलेली, पाठ ताठ, "जमू नये म्हणूनच" म्हणणारी. ती तशी होती. तिनं पमाला पाडलं, वर्षानुवर्षं पाडलं, आणि मास्तरांनी प्रत्येक मैफलीत पेटीवर ती उडी स्वच्छ वाजवून दाखवली, म्हणजे पडलेलं आणखी ठळक दिसावं. आता गप्प बसलं तर लोक तिला चांगली म्हणतील. आणि चालीत तिचा मागमूस उरणार नाही, तिच्या जागी प आणि मा ऐकू येत राहील, दोघी नसतील तेव्हाही. बोललं तर नाव राहील आणि चांगुलपणा जाईल.

ती असती तर तिनं काय निवडलं असतं, याबद्दल त्यांना क्षणभरही शंका नव्हती. चांगली म्हणवून घ्यायची हौस तिला कधीच नव्हती.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मला बोलायचंय."

पमानं हेडफोन काढला नाही. फक्त एका कानावरून सरकवला.

"ती जागा," मास्तर पेटीच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले. "म, नि, नि. ते हिच्या बहिणीचं नाव आहे. घरी तिला मानिनी म्हणायचे. चालीत ती स्वतःचं नाव घालायची. सही म्हणून."

"आयला," तबलजी म्हणाला.

"पुढचं सांगा," पमा म्हणाली.

"ते हिच्या गळ्याला जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिथं घातलं. तबलाही मुद्दाम थांबवला. हिला पाडायला. हिची चूक नव्हती. कधीच नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला आपल्या बटणांमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करत होता. मास्तरांना वाटलं, आता पमा काही म्हणेल. तिनं हेडफोन नीट केला, घसा साफ केला आणि बोटानं खूण केली, सुरू करा.

मास्तरांनी भाता सोडला.

ती ओळ आली. तबला थांबला. पमा 'म'वर उभी राहिली आणि तिथून सरळ 'नि'वर गेली. कचरली नाही, चाचपडली नाही. कुणी दिवा लावावा तसा 'नि' लागला, आणि पुन्हा लागला. मास्तरांनी ही चाल बांधली जाताना ऐकली होती, बायकोच्या स्वतःच्या आवाजात ऐकली होती. तिला स्वतःलाही ती जागा इतकी स्वच्छ कधी लागली नव्हती. हे कबूल करणं त्यांच्या फार जिवावर आलं. पमाचा त्यांना इतका राग कधी आला नव्हता.

टेक संपला. रेकॉर्डिंगवाला काही बोलायच्या आत पमा म्हणाली, "समाधान झालं?"

"हो," मास्तर म्हणाले.

"माझंही झालं. बाकीची गाणीही तशीच गाईन, शब्द दिलाय. ती झाली की तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या. वर्षश्राद्धाला मला बोलावू नका. मी येणार नाही."

"बोलावणार नव्हतोच."

"बरं झालं."

"पुढचं कुठलं घ्यायचं?" रेकॉर्डिंगवाल्यानं घाईघाईनं विचारलं. पमानं एका जुन्या नाटकातलं गाणं सांगितलं, कंपनीच्या मालकाच्या वेळचं. मास्तरांनी पट्टी धरली, तिनं मुखडा गायला, आणि दोन ओळींच्या मधला पेटीचा तुकडा आला. बोटं आपोआप तिकडं गेली. म. नि. नि.

"आली बघा!" तबलजी पडद्याआडून ओरडला. "आली आपली मानिनी! च्यायला, इतकी वर्षं वाजवतोय आणि कळलं नाही! मास्तर, परत वाजवा ना एकदा!"

टेक गेला. मास्तरांचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले आणि मांडीवर पडले. मान वर करायचा त्यांना धीर झाला नाही.

"तबलजी," पमा मागं न वळता म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की तबल्यावरचा हात तिथंच राहिला. "तुम्हाला तबला वाजवायला बोलावलंय. तेवढा वाजवा. बहीण माझी होती."

मग काचेकडे बघून म्हणाली, "पहिल्यापासून घ्या." आणि खाली, मास्तरांच्या दिशेनं, त्यांच्याकडे न बघता, "सा द्या."

मास्तरांनी सा दिला.